रिकाम्या पाळण्याची बाळंतीण

सीमाभागात आपण पाट्यांवरच्या अक्षरांसाठी भांडलो, मराठीतल्या कागदपत्रांसाठी भांडलो. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा आहे. ते भांडण रास्तच आहे आणि मीही त्यातलाच. पण आपल्याच घरातल्या एका बाईसाठी आपण कधी तोंड उघडले नाही. जिचे मूल पोटातच गेले, ती ही बाई.

"गेलं ते गेलं, पुढच्या वर्षी पाळणा हलेल," एवढे म्हणून आपण मोकळे होतो. वर तीच पांढऱ्या पायाची ठरते. वाचकहो, मूल जगले नाही म्हणून बाळंतपण चुकत नाही. तिलाही रक्तस्राव होतो, ताप भरू शकतो, दोन-चार दिवसांत पान्हा फुटतो आणि छाती दगडासारखी होते. मग शेक-शेगडी, अळिवाची खीर आणि सव्वा महिन्याची विश्रांती मांडीवर मूल असलेलीलाच का? २०२२ मध्ये केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी साठ दिवसांची खास रजा दिली. घरी विड्या वळणारीला रजा कोण देणार? ती घरानेच द्यायची. तिला रडू द्यायचे, बाळाविषयी बोलू द्यायचे. महिना उलटूनही ती जेवत-झोपत नसेल तर डॉक्टरांकडे न्यायचे.

आणि दरवेळी नशिबाला बोल लावू नका. जगातले चाळीस टक्क्यांहून अधिक मृतजन्म कळा सुरू झाल्यानंतर होतात. वेळेवर दवाखाना गाठला तर त्यांतले पुष्कळ टळतात. रक्तदाब, साखर, रक्ताची कमतरता आधीच तपासता येते. बाळाची हालचाल मंदावली तर त्याच दिवशी निघायचे, "उद्या बघू" नाही.

निपाणीकरांना कडू लागेल तेही सांगतो. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तंबाखू-मशेरी वापरणाऱ्यांमध्ये मृतजन्माचा धोका सुमारे अडीच पट आढळला. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली आपण महामार्ग रोखला. सुनेच्या हातातली मशेरीची डबी मात्र कोणी रोखली नाही.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृतजन्माचीही नोंद करावी लागते. ती करा. मोजलेच नाही तर सरकारकडे कोणत्या तोंडाने जाब मागणार? नोंद कन्नडात होवो की मराठीत, त्या मुलाची ती एकच नोंद असते. आणि दवाखान्यातून परतलेल्या त्या सुनेला घरात बाळंतीणच म्हणा.