पांखराचा पिंजरा आणि घरचीं माणसें

गेल्या भाद्रपदांत आमच्या हेदवीच्या घरीं एक लहानसा मृत्यु झाला. घरांत त्या वेळीं लहानमोठीं मिळून सतरा माणसें होतीं. गणपतीसाठीं मुंबई-पुण्याची मंडळी आलेली, गौरी बसलेल्या, माजघरांत पाटाला पाट लागलेला. पडवींतल्या पिंजऱ्यांत बजरीगार पक्ष्यांची एक जोडी होती. धाकट्या जावेच्या मुलानें ती चिपळूणहून हौसेनें आणलेली. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांतला हिरवा नर पिंजऱ्याच्या तळाशीं निपचित पडलेला दिसला. हातांत घेतला तों छातीचें हाड सुरीच्या धारेसारखें बोटाला लागलें.

धान्याची वाटी मात्र कांठोकांठ भरलेली होती. मीं ती बाहेर काढून सहज फुंकर मारली, तों वाटींतलें सारें उडून अंगणांत गेलें. दाणा एकहि नव्हता. होतीं तीं नुसतीं फोलपटें.

हा पक्षी दाणा अखंड गिळीत नाहीं. चोचींत धरून, फिरवून, तो सोलतो. गर खातो आणि टरफल तेथल्या तेथें वाटींत टाकतो. दिवसभर तो खात राहिला तरी वाटी जितकी भरलेली होती तितकीच भरलेली दिसते. आमच्या सतरा माणसांपैकीं निदान दहा जणांनीं त्या तीन दिवसांत पिंजऱ्यांत डोकावून पाहिलें होतें, आणि वाटी भरलेली पाहून समाधानानें पुढें गेलीं होतीं. त्या दहांत मीहि होतें. एवढासा जीव, वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. त्याला दोन दिवसांचा उपवास सोसत नाहीं. मादी स्वभावानें दांडगी. उरलेसुरले दाणे तिनें मिळविले असावेत, म्हणून ती वांचली.

एकत्र कुटुंबांत पांखरूं पाळण्यांतली खरी अडचण ही आहे. गाय असली तर ती हंबरते, मांजर पायांत घोटाळतें. पिंजऱ्यांतला पक्षी कांहीं मागत नाहीं, आणि आपलें दुखणें तर तो शेवटच्या घटकेपर्यंत लपवितो. कारण रानांत आजारी दिसणारा पक्षी ससाण्याच्या दृष्टीस प्रथम पडतो. अशा मुक्या जिवावर आमचा बारभाई कारभार चालला होता. तेव्हां पिंजरा कोणता घ्यावा, कोठें टांगावा, कसा धुवावा हें सांगण्याच्या आधीं एवढेंच सांगतें, कीं पिंजरा घरांत येण्यापूर्वीं तो कोणाचा हें ठरवावें. एका माणसाचा, आणि तें माणूस गांवाला गेलें तर दुसऱ्या कोणाचा, तेंहि.

आतां थोडें ह्या पक्ष्याविषयीं. हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागांतला. रानांत तो हिरवा-पिवळा असतो, पाठीवर काळ्या लहरी असतात, मोठमोठ्या थव्यांनीं पाण्याच्या शोधांत हिंडतो आणि झाडांच्या ढोलींत अंडीं घालतो. १८४० सालीं जॉन गूल्ड ह्या पक्षिशास्त्रज्ञानें तो जिवंत इंग्लंडांत नेला. निळा, पांढरा वगैरे रंग पुढें पिंजऱ्यांतल्या पैदाशींत वाढीस लागले. आपल्या दुकानांतून त्याला सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, पण खरा लव्हबर्ड हा आफ्रिकेंतला निराळा पक्षी आहे. आमच्या लहानपणीं कोंकणांतल्या ओटीवर पिंजरा दिसे तो राघूचा. आपल्या रानांतला राघू पकडणें, विकणें किंवा पाळणें हा आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहे, आणि मला तरी त्याचें वाईट वाटत नाहीं. आकाशांत उडणारा थवा ज्यानें पाहिला आहे त्याला ओटीवरचा एकटा राघू पाहवत नसे. बजरीगार मात्र पिढ्यानुपिढ्या पिंजऱ्यांतच वाढलेला. त्याला सोडून दिला तर आपल्याकडे तो जगत नाहीं. म्हणून पाळायचाच तर नीट पाळावा, आणि एकटा पाळूं नये.

ज्याच्या पूर्वजांनीं कोरड्या माळावर पावसाची वाट पाहिली, त्याला आपण येथें चार महिने कोसळणाऱ्या पावसांत आणून बसवितों, ही गोष्ट विसरतां कामा नये. हेदवीला बामणघळींतून भरतीचें पाणी उसळतें तें पाहावयास लोक लांबून येतात. त्याच समुद्राचा खारा वारा आमच्या घरांतल्या कड्याकोयंड्यांना गंज चढवितो, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. साधा लोखंडी पिंजरा आमच्याकडे दोन पावसाळे टिकला. रंगाचे पापुद्रे सुटूं लागले आणि पक्षी ते कुरतडूं लागले. जस्ताचा मुलामा दिलेली तार गंजत नाहीं खरी, पण चोचीनें चाटून-कुरतडून तें जस्त पोटांत गेलें तर विषासारखें बाधतें. असा पिंजरा घ्यावाच लागला तर नवा असतांना शिरका लावून ब्रशानें खसखसून घासावा व स्वच्छ पाण्यानें दोनतीनदां धुवावा. पैसा परवडत असेल तर समुद्राकांठच्या घरांत स्टेनलेस स्टीलचा पिंजराच घ्यावा. एकदां खर्च होतो, पण तो एकदांच.

पिंजरा घेतांना तो किती उंच आहे हें पाहूं नये, किती लांब आहे हें पाहावें. पक्षी आडवा उडतो, उभा नाहीं. जोडीला निदान ३० इंच लांब, १८ इंच रुंद व तितकाच उंच असावा. दोन तारांमधलें अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नको, नाहींतर डोकें अडकतें. घुमटाचा गोल पिंजरा दिवाणखान्यांत शोभतो, पण त्यांत भ्यालेल्या पांखराला मागें सरायला कोपराच नसतो. बसावयाच्या दांड्या दुकानांतल्या एकसारख्या गुळगुळीत नकोत. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या लहानमोठ्या जाडीच्या फांद्या धुवून, वाळवून बसवाव्या, म्हणजे पायाला व्यायाम होतो. परसांत हाताशीं येते म्हणून कण्हेरीची, रुईची वा काजूची फांदी मात्र कधींहि घालूं नये. दांडी वाटीच्या बरोबर वर येणार नाहीं असें पाहावें. कां, तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं कळतेंच.

पिंजरा कोठें ठेवावा ह्यावर आमच्या घरांत आठवडाभर चर्चा चालली होती. प्रथम तो माजघरांत, देवघराच्या दाराशीं होता. पक्ष्यांचीं फुप्फुसें फार नाजूक असतात. धूप, उदबत्ती, चुलीचा धूर, डांसांची वडी, फिनेलचा उग्र वास, हें सर्व त्यांना आपल्याहून किती तरी अधिक बाधतें. मीं हें सांगितलें तेव्हां सासूबाई म्हणाल्या, "पांखराला सोसत नाहीं म्हणून देवाचा धूप बंद करायचा कीं काय?" प्रश्न रास्त होता. मग देव जागचे हलले नाहींत, पिंजरा हलला. स्वयंपाकघराच्या आसपास तर तो नसावाच. हल्लीं घरोघरीं न चिकटणारे काळे तवे आले आहेत. असा रिकामा तवा आंचेवर विसरला व फार तापला तर त्यांतून निघणाऱ्या वायूनें, माणसाला कांहीं जाणवण्याच्या आधीं, पांखरें कांहीं मिनिटांत मरतात.

पडवीची आंतली बाजू आम्हांला शेवटीं पसंत पडली. उजेड आहे, वाऱ्याचा थेट झोत नाहीं, सकाळचें कोंवळें ऊन अर्ध्या पिंजऱ्यावर येतें व अर्धा सावलींत राहतो. पण पडवी म्हणजे मांजर आलें, उंदीर आले आणि धामणहि आली. बारीक साप तारांतून आंत शिरतो, पक्षी गिळतो, आणि पोट फुगल्यामुळें बाहेर पडूं शकत नाहीं. म्हणून दिवे लागले कीं पिंजरा आंतल्या खोलींत नेऊन, वरून सुती कापड घालून, तीन बाजू झांकाव्या. दहा-बारा तासांची शांत झोंप ह्या पक्ष्याला लागते. गणपतींतल्या रात्रींच्या आरत्या-भजनांत ती त्याला मिळाली नव्हती, हेंहि येथें कबूल करतें. मुंग्यांसाठीं, जुन्या फडताळाच्या पायांखालीं ठेवतात तशा पाण्याच्या वाट्या घोडीच्या पायांखालीं ठेवाव्या.

आतां स्वच्छता. रोजचें काम दहा मिनिटांचें आहे, पण तें रोजचें आहे. तळाचा कागद बदलावा. वर्तमानपत्राचा कागद उत्तम. मासिकाचा गुळगुळीत कागद पाणी शोषीत नाहीं, हें मी मासिकाविषयींच्या आदरापोटीं सांगत नाहीं, अनुभवानें सांगतें. कागद पाहिल्याशिवाय गुंडाळूं नये: विष्ठा घट्ट, काळपट-हिरवी आणि वर पांढरा ठिपका अशी असली तर ठीक, पाण्यासारखी झाली, रंग बदलला किंवा फार कमी दिसली, तर पक्षी कांहीं सांगतो आहे असें समजावें. पाण्याची वाटी दोन्ही वेळां घासून भरावी, नुसती विसळून नव्हे. बोट फिरवून बुळबुळीत लागलें तर ती धुतलेली नाहीं. धान्याची वाटी सुपांत उपडी करावी, पाखडावी, उरलेल्या दाण्यांत नवे घालावे. ज्या घरांत अजून सूप आहे त्या घराला हें शिकवावें लागत नाहीं. आम्ही मात्र फुंकर मारायलाहि विसरलों होतों.

आठवड्यांतून एकदां पक्षी दुसऱ्या लहान पिंजऱ्यांत ठेवून तळाचा पत्रा, दांड्या व तारा गरम पाण्यानें व साबणानें घासाव्या, पुष्कळ पाण्यानें धुवाव्या आणि उन्हांत वाळवाव्या. महिन्यांतून एकदां सर्व सुटें करून सांध्यासांध्यांत पाहावें. लांकडाच्या फटींत तांबडे किडे दिवसा लपतात व रात्रीं पक्ष्याचें रक्त पितात; रात्रीं पांढरें फडकें पांघरून सकाळीं तें पाहिलें तर तांबूस ठिपक्यांवरून त्यांचा पत्ता लागतो. ब्लीचिंग पावडरचें पातळ पाणी वापरायचें झालें तर पक्ष्यापासून दूर, अंगणांत. आणि त्यांत शिरका कधींहि मिसळूं नये, विषारी वायु निघतो.

सुकलेली विष्ठा कोरडी झाडूं नये. प्रथम पाण्याचा हबका मारावा, तोंडाला फडकें बांधावें, मग पुसून घ्यावी. पोपटवर्गीय पक्ष्यांपासून माणसांना सिटॅकोसिस नांवाचा न्यूमोनियासारखा ताप येऊं शकतो. १९२९-३० सालीं विकत आणलेल्या पोपटांपायीं तो युरोप-अमेरिकेंत अनेक देशांत पसरला होता. आज त्यावर चांगलीं औषधें आहेत, पण घरांत कोणाला ताप व कोरडा खोकला आला तर "आमच्या घरीं पक्षी आहेत" एवढें डॉक्टरांना आपण होऊन सांगावें.

पावसाळ्यांत मात्र हीं सर्व वेळापत्रकें कोलमडतात. ऊन नाहीं, धुतलेलें वाळत नाहीं, आणि दाण्यांना बुरशी धरते. राळे, बाजरी, वरी हें त्याचें खाणें टरफलासकट असतें व टरफलाखालचा ओलावा दिसत नाहीं. बुरशीच्या दाण्यानें पक्ष्याचें काळीज बिघडतें. म्हणून जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांपुरतेंच धान्य आणावें, कोरड्या बरणींत घट्ट झांकून ठेवावें आणि काढतांना हुंगावें. कुबट वास आला तर पैशाकडे न पाहतां तें टाकून द्यावें. गायीपुढेंहि ठेवूं नये. दांड्यांचे दोन संच ठेवले म्हणजे एक चुलीमागें सावकाश वाळतो. कोथिंबीर, शेवग्याचा कोंवळा पाला धुवून, निथळून द्यावा व दोन तासांनीं उरलेला काढून घ्यावा.

चोचीला व हाडांना चुना हवा, त्यासाठीं दुकानदार समुद्रफेनाचा तुकडा पैसे घेऊन देतात. आम्हांला तो हेदवीच्या किनाऱ्यावर वाळूंत फुकट सांपडतो. तें माकुळीच्या पाठींतलें हाड आहे हें कळल्यावर तें शाकाहारी घरांत आणावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला होता. पण वैद्याच्या बटव्यांत तें पूर्वापार आहे, असें सांगून सासूबाईंनींच तो मिटविला. गोड्या पाण्यांत आठवडाभर, रोज पाणी बदलीत, भिजवून खारटपणा घालवावा व कडक उन्हांत वाळवावें. हें काम पावसाळ्यापूर्वीं उरकून ठेवावें.

मादी एकटी राहिली तेव्हां ती महिनाभर आरशाशीं बोलत बसे. मग नवा नर आणला. तो आल्या दिवशींच तिच्याजवळ सोडला नाहीं. रोग आणलाच असेल तर तो कळावा म्हणून तीस दिवस माडीवर वेगळ्या पिंजऱ्यांत, वेगळ्या वाट्या, वेगळें फडकें, आणि काम तिच्या पिंजऱ्याचें आधीं, त्याचें मागून. दर रविवारीं दोघांना स्वयंपाकघरांतल्या विजेच्या कांट्यावर एका डब्यांत ठेवून वजन करतों. पिसें फुगवून पक्षी गुबगुबीत दिसतो, पण कांटा फसत नाहीं. चार ग्रॅम उतरलें तरी पशुवैद्याकडे जावें.

पिंजरा आतां धाकट्या जावेच्या मुलाचा आहे, आणि तो परीक्षेला गेला तर माझा. पडवीच्या खांबावर त्यानें शाळेंतली जुनी पाटी टांगली आहे. तीवर रोज सकाळीं तारीख घालून तो तीन शब्द लिहितो: पाणी, कागद, फुंकर. परवां मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनीं विचारलें, "फुंकर म्हणजे काय रे?" तो कांहीं बोलला नाहीं, वाटी काढून त्यानें त्यांच्या हातांत दिली.