आधी परीक्षा यंत्राची घ्या!

अंगणवाडीतून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून चेहरा ओळखण्याची सक्ती केली. गरोदर बाईने, लेकुरवाळीने ‘पोषण ट्रॅकर’ ॲपपुढे चेहरा धरायचा. नोंदलेली बाई हीच का, हे यंत्र सांगणार.

बनावट नावे गळावीत, याला आमचा विरोध नाही. पण हा आहार म्हणजे दान नव्हे, २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. त्या हक्काच्या दारात यंत्र बसवायचे, तर आधी त्याची परीक्षा कोणी घेतली?

एम.एस.डब्ल्यू. करताना साधी प्रश्नावलीसुद्धा थोड्या घरांत तपासल्याशिवाय आम्हाला गावभर नेऊ देत नसत. मग यंत्राला ही सूट कशाला? शहरातल्या कार्यालयात नव्या फोनवर ते चालले, म्हणून धारूर-वडवणीच्या वस्तीवर चालेलच असे नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! सरासरी आकड्यात ही तफावत दडून जाते. ती शोधावी लागते.

आमच्या बीडमध्ये परीक्षा घ्यायची तर प्रश्न साधे आहेत. सहा महिने फडात उन्हाने रापून आलेल्या बाईला यंत्र ओळखते का? नेटवर्क गेले तर काय होते? आई कोयत्यावर गेली, लेकरू आजीजवळ राहिले. मग आहार घ्यायला आलेल्या आजीला ते काय सांगते? आणि यंत्र ‘नाही’ म्हणाले, तर बाईने दाद कोणाकडे मागायची? मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडीताईशी भांडून यंत्र सुधारत नाही.

म्हणून आमची मागणी आहे : असे कोणतेही यंत्र सक्तीचे करण्याआधी वस्तीवर, जुन्या फोनवर, ऊसतोड बायकांसमोर चालवून पाहा. किती खऱ्या बायका नाकारल्या गेल्या, ते आकडे ग्रामसभेत मांडा. ॲप बदलले की पुन्हा तपासा. आणि यंत्र चुकले, तरी वहीवर सही-अंगठा घेऊन आहार त्याच दिवशी द्या.

बाई खरी की खोटी, हे विचारणाऱ्या यंत्राला आधी आपला खरेपणा सिद्ध करू द्या. तोवर एकही लेकरू उपाशी परतता कामा नये.