स्मारक हवेच, पण शाळा आधी!

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात एका निवृत्त सुभेदाराच्या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. शाळेच्या पटावर त्याची नोंद 'भिवा' अशी आहे. तोच विद्यार्थी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास ज्ञात झाला. २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते. हे सर्वस्वी उचित होय. परंतु वर्षातून एकदा पुष्पहार वाहिल्याने त्या वास्तूचे ऋण फिटत नाही.

ही शाळा भरत आली ती साताऱ्याच्या राजवाड्यात. ज्यांचे नाव ती आज धारण करते, त्या प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने १८३९ साली पदच्युत केले आणि १८४८ साली त्यांचे राज्यही खालसा झाले. सत्ता गेली, पण राजाच्या वाड्यात सामान्यांची मुले अक्षरे गिरवू लागली. मात्र हे दार उघडले म्हणून आत समता नांदत होती, असे कोणी समजू नये. वर्गात वेगळे बसणे, स्वतःचे गोणपाट घरून नेणे-आणणे आणि शिपाई नसेल तर तहानलेले राहणे, या आपल्या बालपणीच्या यातना बाबासाहेबांनीच लिहून ठेविल्या आहेत. त्या झाकून केलेले स्मारक अपुरे ठरेल.

पुण्याच्या भिडेवाड्याचा धडा ताजा आहे. १८४८ साली फुले दांपत्याने जेथे मुलींची शाळा काढली, ती वास्तू दुर्लक्षामुळे मोडकळीस आली आणि २०२३ साली स्मारकासाठी पाडली गेली. आधी वास्तू ढासळू द्यावयाची आणि मग स्मारक उभारावयाचे, हा क्रम साताऱ्यात तरी घडता कामा नये.

जुन्या इमारतीत मुलांची सुरक्षितता कशी राखणार, असा प्रश्न कोणी करील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुलांना कायमचे बाहेर काढणे हे नसून वेळेवर, जाणकारांच्या हातून दुरुस्ती करणे हे आहे. दुरुस्तीपुरते वर्ग अन्यत्र हलवावे लागले, तर ते परत आणण्याची तारीख आधीच जाहीर झाली पाहिजे.

ते पटाचे पान काचेआड अवश्य जपावे. पण त्याच्या शेजारच्या वर्गात आजची मुले एकाच बाकावर बसून शिकत असावीत. बाबासाहेबांचे याहून सार्थ स्मारक आम्हांस तरी दिसत नाही.