वार्धक्य, स्मृती आणि संगीताची शिकवणी

निरोगी वृद्धांची स्मृती संगीताने टिकते काय, या चर्चेला अलीकडे ‘संगीतोपचार’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. वस्तुतः जो आजारी नाही त्याच्यावर उपचार कसला? पण एकदा उपचार म्हटले की पाठोपाठ विक्रेते येतात, आणि कधी कधी सरकारही. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्टची रचना ऐकविली. आकृत्यांच्या कसोटीत त्यांचे गुण वाढले. मात्र दहा-पंधरा मिनिटांतच तो परिणाम ओसरला. तरीही मोझार्टच्या या महिम्यावर विसंबून जॉर्जियाचे राज्यपाल झेल मिलर यांनी १९९८ मध्ये नवजात बालकांना ध्वनिमुद्रिका वाटण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले! बालकांच्या जागी वृद्ध आले म्हणून हा हिशेब सुधारत नाही.

याहून विचारार्ह प्रयोग जिनिव्हा आणि हानोव्हर येथे झाला. त्याचे सहा महिन्यांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ६२ ते ७८ वयाच्या, संगीताचे फारसे शिक्षण न झालेल्या १३२ निरोगी व्यक्तींचे दोन गट पाडण्यात आले. एकाला पियानो शिकविला, दुसऱ्याला संगीत जाणतेपणाने ऐकावयास. आठवड्याला एक तासाचा पाठ आणि घरी रोज अर्धा तास अभ्यास. ऐकलेले थोडा वेळ मनात धरून त्यावर काम करण्याची शक्ती दोन्ही गटांत वाढली. मेंदूची वयपरत्वे होणारी झीज थांबली नाही, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले आहे. तथापि संगीताशी संबंध नसलेला गट तुलनेला नव्हता. तेव्हा श्रेय सुरांचे, की शिक्षकाचे आणि नित्य अभ्यासाचे, हा प्रश्न उरतोच. नवी भाषा शिकूनही कदाचित असाच लाभ झाला असता.

सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीने हा प्रश्न निर्णायक आहे. लाभ शिकण्याचा असेल, तर पैसा ध्वनिमुद्रिकांवर नव्हे, शिक्षकाच्या वेतनावर खर्च व्हावयास हवा. महाराष्ट्रात बाकीची सामग्री बव्हंशी तयारच आहे. संध्याकाळी कुलूपबंद होणाऱ्या शाळा आहेत, भजनी मंडळांच्या पेट्या आहेत, तुटपुंज्या मिळकतीवर शिकवण्या करणारे पेटीवादकही आहेत. ज्याचे निवृत्तिवेतन औषधपाण्यातच संपते, त्या कारकुनाला खाजगी शिकवणी परवडत नाही, एवढीच अडचण. नगरपालिकेने शाळेची एक खोली आठवड्यातून तासभर उघडावी, शिकविणाऱ्यास मानधन द्यावे आणि वर्षअखेर खर्च व हजेरी दोन्ही जाहीर करावी. हजेरी गळाली, तर वर्ग बंद करण्यासही हरकत नसावी.