धुऱ्यावरून येणारा शिकारी

ज्या कुटुंबांचें बिऱ्हाड नागपुरांत आणि जमीन कळमेश्वराकडे आहे, त्यांस हिंवाळ्याचे दिवस थोडे चिंतेचे जातात. गहूं, हरभरा उभा असतो, संत्री झाडावर असतात. रात्रीं रानडुकरें व रोही शेतांत शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग केव्हां केव्हां बत्ती व बंदूक घेतलेलीं माणसेंही शिरतात. मालक शहरांत निजलेला असतो. वावरांत जागलीला असतो तो एकटा सालगडी. ह्या शिकाऱ्यांशीं कसें वागावें हा प्रश्न वास्तविक त्याच्या जिवाचा आहे, आणि त्याचें उत्तर घरांतील वडील मंडळींनीं आधींच ठरवून द्यावें असें आम्हांस वाटतें.

प्रथम एक जुना समज दूर केला पाहिजे. कित्येक घराण्यांत मालगुजारीच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. मालगुजारानें होकार दिला कीं हाका निघे व शिकार होई. ती मालगुजारी सन १९५१ मध्यें संपली, आणि शिकारीस होकार देण्याचा अधिकार सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गेला. सातबाऱ्यावर नांव आपलें असलें तरी त्या शेतांत चरणारा रोही आपला नव्हे. मालकाच्या संमतीनें शिकार कायदेशीर होत नाहीं. उलट संमति देणाराच गुन्ह्यांत ओढला जातो. पीक नासणाऱ्या कांहीं जनावरांस मारण्याची परवानगी मिळूं शकते. पण ती अधिकृत वनाधिकाऱ्याकडून, लेखी व सकारण. शिवाय अशा परवानगीनें मारलेलें जनावरही सरकारचेंच राहतें.

हें सर्व ठाऊक असूनही मोह होतो, हें आम्ही जाणतों. डुकरांनीं एका रात्रींत हरभरा उलथून टाकला म्हणजे बंदुकवाला उपकारकर्ता वाटूं लागतो, व ‘दोन डुकरें गेलीं तर बरेंच’ म्हणून डोळेझांक होते. पण आज डुकरासाठीं आलेला मनुष्य उद्यां मोरासाठीं येतो, आणि मोराच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आहे. फासा किंवा विजेची तार तर जनावर निवडीतच नाहीं. सन २०१७ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांत नागभीडकडे, ‘जय’ ह्या नामांकित वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ शेताच्या कुंपणांतील विजेनें मेला. त्याच तारेवर सालगड्याचा किंवा त्याच्या मुलाचा पाय पडूं शकतो.

तेव्हां सालगड्यास स्पष्ट सांगून ठेवावें कीं, गोळीचा आवाज आला तरी त्यानें पुढें होऊं नये. अंधारांत हालणारी आकृति माणसाची कीं डुकराची हें शिकाऱ्यास कळत नाहीं. झोपडींत दिवा लावून तेथेंच थांबावें, आणि ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांस व १९२६ वर वनखात्यास कळवावें, मालकास मग. गाडीचा क्रमांक, वेळ, कोणत्या धुऱ्यानें मंडळी आली, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ. गंभीर गुन्हा डोळ्यांदेखत झाल्यास सामान्य नागरिकासही अटक करतां येते व सहा तासांच्या आंत आरोपीस पोलिसांच्या हवालीं करावें लागतें. परंतु बंदुकीपुढें एकट्यानें हें करण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाहीं.

सकाळीं फासा अगर मेलेलें जनावर आढळलें तर हलवूं नये, पुरूं तर मुळींच नये. सांपडलेल्या मृत वन्यप्राण्याची वर्दी अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते, आणि ज्याच्या ताब्यांत तो मिळेल त्यालाच आपलें निर्दोषित्व सिद्ध करावें लागतें. ‘आम्ही शाकाहारी, आमच्यावर कोण संशय घेणार?’ असें म्हणणारे भाबडे लोक आहेत. चौकशीस येणारा अधिकारी सातबारा पाहून येतो.

साक्षीचेंही आधींच ठरवावें. जोधपूरजवळील कांकाणी गांवीं सन १९९८ मध्यें काळविटांची शिकार झाली. बंदुकीचा आवाज ऐकून बाहेर आलेल्या बिष्णोई ग्रामस्थांनीं तक्रार केली व कोर्टांत ते आपल्या जबानीवर टिकून राहिले. एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्यास पांच वर्षांची शिक्षा सुनावली गेली ती २०१८ मध्यें, म्हणजे वीस वर्षांनीं. आणि अपील त्यापुढें. इतका काळ सालगड्यानें एकट्यानें कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या ही अपेक्षा अन्यायाची होय. तारखेस मालकानें त्याच्याबरोबर जावें, त्या दिवसाची मजुरी व गाडीभाडें घरांतून द्यावें, आणि पुढें तो दुसरीकडे कामास गेला तरी हें चालू ठेवावें.