दुकानाची पाटी खिशात



व्हिजिटिंग कार्ड म्हटले की ते साहेब लोकांचे काम, अशी आपल्या घरांतून अजूनही समजूत आहे. वकिलाने, इन्शुरन्सवाल्याने खिशातून कार्ड काढायचे आणि आपण ते हातात धरून उभे राहायचे, हा जुना रिवाज. परंतु आज आपल्या परभणी जिल्ह्यात बघा. पूर्णा जंक्शनवर रेल्वेत नोकरी केलेल्या बापाचा मुलगा वायरिंगची कामे घेतो. सेलू, मानवतला आपली पोरं वेल्डिंगचे शेड टाकून बसली आहेत. गंगाखेड, जिंतूरकडे मंडपवाले, बँडवाले, फोटो काढणारे आहेत. परभणी शहरात शिकणाऱ्या मुलांना डबे पुरविणाऱ्या आणि घरी मशीन चालविणाऱ्या आपल्या भगिनी आहेत. यातल्या बहुतेकांना रस्त्यावर दुकान नाही, म्हणून पाटीही नाही. काम चांगले केले तरी गिऱ्हाईक शेजाऱ्याला सांगते, "तो वस्तीतला पोरगा हो, नाव काय बरं त्याचं..." आणि पुढचे काम दुसऱ्याच्या हाती जाते.

कोणी म्हणेल, मोबाईलमध्ये नंबर असतोच की! असतो, पण 'राजू वायरमन' या नावाचे तीन-तीन नंबर असतात आणि त्यातला एक बंद असतो. कार्ड मात्र देव्हाऱ्यापासून मीटरच्या पेटीपर्यंत कुठेही खोचून ठेवतात आणि दिवे गेले की तेच सापडते.

आता मुद्द्याचे. आपल्या माणसाचे कार्ड अडते ते कागदावर किंवा रंगावर नाही. ते अडते नावावर. पूर्ण नाव छापायचे की नाही, हा प्रश्न आम्हांला अनेकांनी विचारला आहे. बरेच जण आडनाव गाळतात, नुसती आद्याक्षरे छापतात किंवा दुकानाला कुठल्या तरी देवाचे नाव देऊन मोकळे होतात. त्यांना हसण्याचे काही कारण नाही. आडनाव वाचून काम नाकारणारे, आणि डब्याच्या धंद्यात तर हमखास, आजही भेटतात. पोटाचा प्रश्न आहे.

हे दुःख बाबासाहेबांनाही चुकले नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. सुरुवातीला लोक आलेही. परंतु सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्याबरोबर गिऱ्हाईक बंद झाले. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात ही हकिकत आहे. पुढे १९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात रोख पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. तरीही बाबासाहेबांनी नाव झाकले नाही. पुढे चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा राहिला. तोच भारत भूषण आणि नंतरचा बुद्धभूषण छापखाना.

आमचे मत विचाराल तर पूर्ण नाव छापावे. याला व्यवहाराचेही कारण आहे. आपल्या भागात काम विचारायला आलेला माणूस तिसऱ्या वाक्याला "गाव कोणतं, आडनाव काय" हे विचारतोच. कार्डावर लपविलेले नाव तिथे तोंडाने सांगावे लागते, आणि तेव्हा आपण आधीच ओशाळलेले असतो. शिवाय ज्याला पूर्ण नाव वाचून यायचे आहे तो पैसे बुडविण्याची शक्यताही कमी. हा आमचा अंदाज आहे, नियम नव्हे.

आणि नाव कोणाचे? मशीन बाईची, रात्रीचे जागरण बाईचे आणि कार्डावर नाव नवऱ्याचे, हा प्रकार आपल्याकडे फार. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांना नवऱ्याच्या नावाशी काय करायचे? ज्याचे हात कामाला त्याचे नाव कार्डाला. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे किंवा बँकेत कर्जाची फाईल करायची असेल तर उद्यम नोंदणी, बँकेचे खाते आणि कार्ड या तिन्हींवर व्यवसायाचे नाव अक्षरशः एकच ठेवा. एका ठिकाणी 'सुजाता टेलर्स' आणि दुसरीकडे 'सुजाता लेडीज टेलरिंग' असले की साहेबाला प्रश्न विचारायला निमित्त मिळते.

दुसरे टोकही आहे. काही तरुण कार्डावर तथागत, बाबासाहेब, फुले, रमाई या सगळ्यांचे फोटो छापतात. मग स्वतःच्या नावाला करंगळीएवढी जागा उरते. श्रद्धा समजते, परंतु कार्ड मागच्या खिशात जाते आणि माणूस त्यावर बसतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत वाटलेली कार्डे दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. फोटो घरात आणि दुकानात असावा. 'जयभीम' हा शब्द ज्याला छापावासा वाटतो त्याने छापावा, आम्ही अडविणारे कोण! अशोकाचे सिंह मात्र छापू नका. सम्राट अशोक आपलाच वाटतो हे खरे, पण ती राजमुद्रा आहे आणि २००५ च्या कायद्याने खाजगी कार्डावर तिला बंदी आहे. झेंड्यावरचे २४ आऱ्यांचे अशोकचक्र धंद्यासाठी वापरायला १९५० च्या कायद्याची मनाई आहे.

कार्डाचे माप साधारण साडेतीन इंच बाय दोन इंच. एवढ्या जागेत काम काय करता ते नावाच्या खालोखाल मोठे हवे. 'ऑल टाईप ऑफ वर्क' यातून कोणालाच काही कळत नाही. 'घरगुती वायरिंग, मोटार पंप, इन्व्हर्टर' असे लिहा. नंबर एकच द्या, पाच-पाच आकडे सुटे करून. तो नंबर रिचार्ज करून चालू ठेवा, नाहीतर कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देते आणि तुमची हजार कार्डे त्याची जाहिरात करतात. पत्त्यात खूण द्या: विहाराजवळ, पाण्याच्या टाकीमागे. पैसे घेण्याचा क्यूआर छापायचा असेल तर पाऊण-एक इंचाचा छापा आणि आधी दोन वेगवेगळ्या मोबाईलवर तपासा.

छापखान्यात गेल्यावर घाई करू नका. प्रूफ कागदावर मागा आणि घरातल्या शाळकरी पोराकडून वाचून घ्या. 'बुद्ध', 'सिद्धार्थ', 'बौद्ध' यांत द आधी आणि ध नंतर असतो. डीटीपीवाले सर्रास 'बुध्द', 'सिध्दार्थ' करून ठेवतात, आणि आपल्याच माणसांच्या कार्डावर ते पाहून आमचा जीव जळतो. जुन्या फाँटमधला मजकूर व्हॉट्सअॅपने पाठविला तर तोही विस्कटतो. वहीवर स्वच्छ लिहून न्यावा, हे बरे.

निळा रंग पाहिजे असतो सगळ्यांनाच, आणि छापून येतो जांभळा. याचे कारण असे की चार रंगांच्या छपाईत निळा हा सायन आणि मॅजेन्टा मिळून होतो; मॅजेन्टा वाढला की जांभळ्याकडे झुकतो. सायन १०० ठेवला तर मॅजेन्टा ७० च्या वर नेऊ नका, असे ऑपरेटरला सांगा. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो तो झगझगीत निळा शाईत उतरत नाही. एकाच रंगाचे कार्ड असेल तर स्क्रीन प्रिंटिंगला तयार निळी शाई वापरतात, तिथे ही अडचण येत नाही. मजकूर कडेपासून निदान एक सूत आत ठेवा. कटिंगला ब्लेड थोडे सरकले तर शेवटचा आकडा उडतो.

कागद ३०० जीएसएमचा आर्ट कार्ड पुरे. ऑफसेटला प्लेटचा खर्च शंभर कार्डांना तोच आणि हजारांना तोच, म्हणून हजार स्वस्त पडतात. पण धंदा नवा असेल, पत्ता भाड्याचा असेल, तर आधी डिजिटलवर शंभरच काढा. चकचकीत लॅमिनेशनचा मोह टाळा, त्यावर पेन चालत नाही. मागची बाजू कोरी ठेवा. काम बघून आल्यावर अंदाजे खर्चाचा आकडा आणि तारीख तिथेच लिहून देता येते, म्हणजे नंतर वाद होत नाही.

आणि कार्ड देताना दोन द्या. एक त्याला, एक शेजाऱ्यासाठी.