पाहून काढलेले चित्र

दसऱ्याची सुट्टी संपली की शिक्षकखोलीतल्या माझ्या टेबलावर प्रकल्पवह्यांचा ढीग पडतो. यंदाही पडला. विषय होता ‘आपल्या परिसरातील वनस्पती’. पहिली वही उघडली, तर जास्वंदीचे सुरेख रंगीत चित्र. दुसरी उघडली, तर तीच जास्वंद. दहाव्या वहीपर्यंत लक्षात आले की सगळ्यांची जास्वंद एकाच ठिकाणी फुललेली आहे, आणि ते ठिकाण म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा छापील तक्ता. मुलांनी चित्र कातरले, चिकटवले आणि खाली सुवाच्य अक्षरात माहिती लिहिली. काही वह्यांतले अक्षर आईचे होते, हेही ओळखू आले. गंमत अशी की आपल्या शाळेच्या फाटकापाशीच जास्वंदीची झाडे आहेत. मुले रोज त्यांच्या शेजारून आत येतात.

मुलांना रागावण्यापूर्वी माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने जास्वंदीचे चित्र स्वतः काढून आणले होते. या फुलाच्या देठाशी, हिरव्या निदलपुंजाच्याही खाली, बारीक हिरव्या पट्ट्यांचे एक कडे असते. तिने त्या पट्ट्या सात काढल्या होत्या. मी वर्षानुवर्षे फळ्यावर जी आकृती काढत आलो होतो, तिच्यात त्या पाच होत्या. मी लाल शाईने खूण केली आणि एक गुण कापला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती फूल घेऊन आली आणि ‘सर, मोजा’ एवढेच म्हणाली. मी मोजल्या. सात होत्या. मग फाटकापाशी जाऊन आणखी फुले पाहिली. कुठे सहा, कुठे सात, एका फुलात आठ. तिचा गुण मी परत दिला, पण इतकी वर्षे विज्ञान शिकवून मी ते फूल कधी मोजलेच नव्हते, ही बोचणी अजून गेलेली नाही.

म्हणूनच मला लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याचे चरित्र आपल्या मुलांपुढे ठेवावेसे वाटते. फुक्स यांचा जन्म १७ जानेवारी १५०१ रोजी बव्हेरियातील वेमडिंग या गावी झाला. शिक्षणाच्या काळात त्यांनी थोडे दिवस गावात शिक्षकाचे कामही केले. १५२४ साली ते इंगोलश्टाट विद्यापीठातून वैद्यकातले डॉक्टर झाले आणि १५३५ पासून १५६६ साली मृत्यू येईपर्यंत ट्युबिंगेन विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक होते. ओटो ब्रुनफेल्स, हिएरोनिमुस बॉक आणि फुक्स या तिघांना जर्मन वनस्पतिशास्त्राचे जनक मानतात.

त्या काळी औषध म्हणजे मुख्यतः झाडपाला. पण झाडपाल्याची ओळख कोणाला होती? वैद्य पुस्तके वाचत, आणि मुळ्या-पाने गोळा करून विकणारे वेगळेच असत. पुस्तकेही कोणती, तर पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याची आणि त्याच्यासारख्या इतर जुन्या ग्रंथकारांची. त्यांतल्या वनस्पती भूमध्य समुद्राकाठच्या, आणि रोगी जर्मनीतले. त्यात चित्रांची नक्कल, तिची नक्कल, पुन्हा तिची नक्कल असे करत शेकडो वर्षे गेली होती. मूळ झाड ओळखूही येऊ नये, अशी त्या चित्रांची दशा झालेली होती. चुकीचे मूळ उकळून दिले तर रोगी दगावेल, एवढी ही गंभीर गोष्ट होती.

फुक्स यांनी ट्युबिंगेनमध्ये औषधी वनस्पतींची बाग केली आणि झाडे समोर ठेवून चित्रे काढून घेण्याचे ठरवले. १५४२ साली बाझेल शहरातल्या इझिंग्रिन या मुद्रकाने त्यांचा मोठा लॅटिन ग्रंथ छापला. त्यात सुमारे पाचशे वनस्पती आणि पाचशेहून अधिक पानभर चित्रे आहेत. पुढच्याच वर्षी ग्रंथ जर्मन भाषेत आला, म्हणजे लॅटिन न येणाऱ्यांसाठीही तो खुला झाला. अवघड शब्दांचा एक कोशही त्यांनी ग्रंथाला जोडला होता.

चित्रांबाबत त्यांचा दंडक कडक होता. प्रत्येक वनस्पती मुळापासून दाखवायची. खोड, पाने, फूल, फळ, बी, काही वगळायचे नाही. चित्रकाराने हातचलाखी दाखवण्यासाठी छायाप्रकाशाचा असा खेळ करायचा नाही की झाडाचा खरा आकार झाकला जाईल. ओळख पूर्ण व्हावी म्हणून फूल आणि फळ वेगवेगळ्या ऋतूंत येत असले तरी एकाच चित्रात दाखवले आहे. म्हणजे ज्याने चित्र करवून घेतले, त्याने ते झाड वर्षभर पाहिलेले होते.

आता या ग्रंथाची दुसरी बाजू पाहा. फुक्स यांनी त्यात अमेरिकेतून युरोपात नव्याने आलेल्या काही वनस्पतीही घेतल्या. आपला मका त्यात आहे, भोपळा आहे, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आहे आणि आपली मिरचीही आहे. चित्रे इतकी नेमकी की आज आपल्याकडचे तिसरीतले मूलही मिरचीचे चित्र ओळखेल. पण नावे? मक्याला त्यांनी ‘तुर्की धान्य’ म्हटले आणि मिरचीला ‘कालिकतची मिरी’! कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर या वनस्पती व्यापाऱ्यांच्या हातांतून देशोदेशी फिरल्या होत्या. कोणीतरी सांगितले की ही मिरची हिंदुस्थानातल्या कालिकतची, आणि फुक्स यांनी ते मानले. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची कुटून वर्षाची चटणी भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांनाही मिरची मूळची इथलीच वाटते, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही.

पण यातून जे शिकायचे ते अगदी स्वच्छ आहे. फुक्स यांच्या ग्रंथातला बराचसा मजकूर जुन्या ग्रीक-रोमन ग्रंथकारांवरून घेतलेला होता, तो कालांतराने मागे पडला. मिरचीच्या मूळ गावाविषयी ऐकीव होते, ते चुकीचे ठरले. जे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि पाहून काढवून घेतले, ते पावणेपाचशे वर्षांहून अधिक काळ टिकले. त्यांनी ग्रीक नावांच्या अक्षरक्रमाने वनस्पती मांडल्या. कुळे आणि जाती लावणारी आजची पद्धत नंतर आली. पण वर्गीकरणाआधी ‘आपण बोलतो आहोत ते झाड हेच’ अशी खातरजमा व्हावी लागते, आणि ती त्यांच्या चित्रांनी करून दिली. अंगुस्तानाच्या आकाराची फुले येणाऱ्या एका वनस्पतीला त्यांनी ‘डिजिटॅलिस’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये बोटाला ‘डिजिटस’ म्हणतात. ती वनस्पती विषारी आहे. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी तिच्या औषधी उपयोगावर पुस्तक लिहिले, आणि हृदयविकारावर दिले जाणारे डिगॉक्सिन तिच्याच भाऊबंदांतल्या एका वनस्पतीपासून मिळते. फुक्स यांनी दिलेले नाव आजही तेच आहे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या ग्रंथाच्या शेवटी तीन माणसांची चित्रे छापली आहेत. झाड पाहून चित्र काढणारे अल्ब्रेख्ट मायर, ते लाकडी ठोकळ्यावर उतरवणारे हाइनरिख फ्युलमाउरर आणि तो ठोकळा कोरणारे फाइट रुडोल्फ श्पेक्ले. कारागिराचे नावही छापण्याची रीत नव्हती, तेव्हा या प्राध्यापकांनी त्यांना नावानिशी आणि चेहऱ्यानिशी ग्रंथात बसवले. आपल्या देशातही असे एक उदाहरण आहे. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात इट्टी अच्युदन या मलयाळी वैद्यांचे, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे निवेदन छापले आहे, आणि या तिघांचे निवेदन चक्क देवनागरी लिपीत आहे. ज्याचे काम, त्याचे नाव. आपल्या प्रकल्पवह्यांवर मात्र नाव मुलाचे, चित्र छापखान्याचे आणि अक्षर आईचे असते.

पालकहो, हे टोचेल, पण रागावू नका. तुमची अडचण मला कळते. घरी यायला संध्याकाळ होते, दुसऱ्या दिवशी वही द्यायची असते, आणि गुण कमी पडले तर मूल रडते. यात दोष आधी आम्हा शिक्षकांचा आहे. आम्हीच नीटनेटक्या वहीला दहापैकी दहा देतो आणि वेड्यावाकड्या पण स्वतः काढलेल्या चित्राला सहा. मग मूल तक्ता का आणणार नाही? हल्ली तर दुकानापर्यंतही जावे लागत नाही, मोबाईलवर मागितले की चित्र तयार. म्हणून माझी पहिली सूचना आमच्यासाठीच आहे. येत्या जूनपासून वनस्पतींच्या प्रकल्पात छापील चित्राला गुण नकोत. प्रत्येक मुलाने शाळेतले किंवा दारातले एकच झाड निवडावे आणि वर्षभर महिन्यातून एकदा पाहून त्याचे चित्र काढावे. पान किड्याने खाल्लेले असेल तर खाल्लेलेच काढावे. चित्रकला चांगली नसली तरी चालेल. आपण मोजले किती आणि पाहिले काय, हे त्याला सांगता यावे.

आता विश्वस्त मंडळींना एक विनंती. शाळेच्या मागची दोन गुंठे मोकळी जागा सपाट करून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि दुचाक्यांची सोय करायची, असा विचार चालू असल्याचे ऐकतो. त्यामागची कारणे खोटी नाहीत. आपल्याकडच्या पावसात तिथे चिखल होतो, फाटकाबाहेर वाहनांची गर्दी होते, आणि मराठी शाळेचा पट टिकवायचा तर पालकांच्या सोयी पाहाव्या लागतात. पण याच जागेत पावसाळ्यात टाकळा उगवतो, आघाडा येतो, कुंपणावर घोसाळ्याचा वेल चढतो. फुकट मिळालेली ही आपली प्रयोगशाळा आहे. निम्मी जागा वाहनांना द्या आणि निम्मी तशीच राहू द्या. कुंपण आणि पायवाट एवढाच काय तो खर्च येईल.

खर्चावरून आठवले. फुक्स यांनी पुढे आयुष्यभर खपून आणखी मोठा ग्रंथ तयार केला, त्यासाठी पंधराशेहून अधिक चित्रे करवून घेतली. पण मुद्रक इझिंग्रिन १५५७ साली वारले आणि एवढा खर्च उचलणारे कोणी भेटले नाही. तो ग्रंथ फुक्स यांच्या हयातीत छापला गेलाच नाही. त्याचे हस्तलिखित आज व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. केलेले पाहणे वाया गेले नाही, पण जगासमोर वेळेवर आले नाही. पैसा कुठे घालायचा आणि कुठे नाही, हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात असावी.

विद्यार्थी मित्रहो, साड्यांच्या दुकानात ‘फुशिया’ रंग मागतात, आपल्या राणी रंगाच्या जवळचा. त्या रंगाला नाव मिळाले फुशिया या फुलावरून, आणि त्या फुलाला ते नाव शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच संशोधकाने १७०३ साली फुक्स यांच्या सन्मानार्थ दिले. ते अमेरिकेतले फूल फुक्स यांनी स्वतः कधी पाहिले नव्हते.

उद्या शाळेत येताना फाटकापाशी क्षणभर थांबा. जास्वंदीचे एक फूल न तोडता हलकेच उलटे करा आणि खालच्या हिरव्या पट्ट्या मोजा. जो आकडा येईल तो मला येऊन सांगा. माझ्या फळ्यावरच्या आकृतीशी तो जुळला नाही, तर मी आकृती दुरुस्त करीन.